कोणाची तुलना कोणाशी?

सत्तरच्या दशकात अमेरिकेत ‘नॅशनल सपोर्टेड वर्क’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. तुरुंगातून सुटलेले, व्यसनातून बाहेर पडलेले, शाळा अर्धवट सोडलेले यांना देखरेखीखाली काम द्यायचं आणि पुढे त्यांची कमाई वाढते का ते पाहायचं. इच्छुकांपैकी काम कोणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. रॉबर्ट लालोंड यांनी 1986 मध्ये या आकडेवारीतून संख्याशास्त्रासाठी एक कठोर परीक्षा रचली. चिठ्ठीत नाव न निघालेल्यांना बाजूला ठेवून त्यांच्या जागी त्यांनी देशव्यापी पाहणीतली सर्वसाधारण माणसं घेतली, आणि प्रयोगाचं उत्तर तसंही मिळतं का ते पाहिलं. देहेजिया आणि वाहबा या संशोधकांनी 1999 मध्ये तपासलेल्या, कार्यक्रमातल्या 185 पुरुषांचे आकडे बोलके आहेत. मूळ प्रयोगानुसार 1978 मधली त्यांची कमाई कार्यक्रमामुळे सुमारे 1,794 डॉलरने वाढली होती. पाहणीतल्या पुरुषांशी सरळ तुलना केली, तर तोच कार्यक्रम 15,205 डॉलरचा तोटा करणारा ठरतो! कारण उघड आहे. पाहणीतले पुरुष सरासरी पस्तिशीचे, बहुतेक विवाहित, 1975 मध्येच सरासरी एकोणीस हजार डॉलर मिळवणारे. कार्यक्रमातले पंचविशीचे आणि त्याच वर्षी जेमतेम दीड हजार मिळवणारे.

हा फरक भरून काढण्याचं काम आता न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे उदाहरणांतून शिकणाऱ्या संगणकीय प्रारूपावर, सोपवलं जातं. वय, शिक्षण, जुनी कमाई यांची गुंतागुंत सरळ रेषेच्या सूत्रात मावत नाही, ती नेटवर्क पकडतं. म्हणून त्याचा उपयोग खराच आहे. पण नेटवर्क शिकतं ते अंदाज बांधायला, आणि चांगला अंदाज म्हणजे परिणामाचं मोजमाप नव्हे. अंदाज स्थिर राहावा म्हणून नेटवर्क बारीक फरक गुळगुळीत करतं, आणि आपल्याला हवा असलेला परिणाम नेमका त्या बारीक फरकात असू शकतो. जेम्स रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये मांडलेल्या विचारातून ‘डबली रोबस्ट’ पद्धत पुढे आली, ती इथे उपयोगी पडते. एक प्रारूप कमाईचा अंदाज बांधतं, दुसरं कार्यक्रमात कोण शिरेल याचा. दोन्ही एकत्र वापरली की एक चुकलं तरी दुसरं सावरून घेतं. दोन्ही थोडी चुकली तर चुकांचा गुणाकार होतो, आणि एक दशांश गुणिले एक दशांश म्हणजे फक्त एक शतांश. नेटवर्क शिकतं त्या नोंदींवरच हिशेब न करता वेगळ्या नोंदींवर करायचा, ही जोडही चेर्नोझुकोव्ह आणि सहकाऱ्यांच्या 2018 च्या लेखाने पक्की केली.

मग प्रश्न सुटला का? नाही. ही पद्धत प्रारूपाची चूक सावरते, माहितीतली पोकळी भरत नाही. जिद्द, प्रकृती, घरचा आधार यांची नोंदच नसेल, तर कितीही खोल नेटवर्क त्यांची भरपाई करू शकत नाही. शिवाय पाहणीतल्या कित्येक पुरुषांसारखा एकही माणूस कार्यक्रमात नव्हता. तिथे नेटवर्क जे सांगतं ती निव्वळ अटकळ असते. अशी माणसं वगळणं हा उणेपणा नाही, तो प्रामाणिकपणा आहे.

मग सगळं प्रयोगांवरच सोडावं, असं कोणी म्हणेल. पण चिठ्ठी टाकून कोणाला सिगारेट ओढायला लावता येत नाही. तिथे जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी 1959 मध्ये वाट दाखवली. धूम्रपान करणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नऊपट असेल आणि तो सगळा एखाद्या छुप्या कारणामुळे असेल, तर ते कारण त्यांच्यात निदान नऊपट अधिक आढळायला हवं. असं कारण कोणाला दाखवता आलं नाही. नेटवर्कने काढलेल्या प्रत्येक निष्कर्षासोबत हा हिशेब छापला गेला पाहिजे. एखादं औषध किंवा योजना ‘एआयने सिद्ध केली’ अशी बातमी वाचाल, तेव्हा दोन गोष्टी जरूर विचारा: तुलना कोणाशी केली, आणि निष्कर्ष उलटायला केवढं छुपं कारण पुरेल?