तहान उन्हाचीच असते असं नाही

उष्णतेच्या लाटेचे इशारे सुरू झाले की ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला घरोघरी पोचतो, आणि तो योग्यच आहे. पण याच दिवसांत एक आजार हमखास नजरेआड होतो. मूल सारखं पाणी मागतं, रात्री उठून तांब्या संपवतं आणि घरचे म्हणतात, ‘ऊन किती तापलंय!’ मग त्याच्या हाती उसाच्या रसाचा पेला येतो. ही तहान टाइप १ मधुमेहाची असेल तर त्या रसाने ती आणखी भडकते.

घाम जाऊन लागलेल्या तहानेत शरीर पाणी राखून ठेवतं. लघवी कमी आणि गडद होते. मधुमेहात नेमकं उलटं. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून तहान. न्हाणीघरात लघवीच्या जागी मुंग्या जमतात. मूल खाऊनपिऊन वाळत जातं, कपडे ढगळ होतात. मोठ्या माणसांत अशा तहानेमागे वाढलेलं कॅल्शियम, लिथियमची गोळी किंवा व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाची कमतरताही असू शकते. पण मुलांत उशीर परवडत नाही. साखरेची शंका आधी फेडून घ्यावी.

सर्वांत बोलकी खूण मात्र लाजेपोटी लपवली जाते. वर्षानुवर्षं कोरडं झोपणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं. त्याला ओरडा बसतो, फार तर परीक्षेचा ताण म्हणून सोडून दिलं जातं. इटलीतल्या पार्मा शहरात डॉ. माउरित्सिओ वानेल्ली आणि सहकाऱ्यांनी १९९१ पासून हीच खूण धरून काम केलं. शाळाशाळांत भित्तिपत्रकं लावली, बालरोगतज्ज्ञांना साखर तपासण्याची साधनं दिली. त्याआधी तिथे मधुमेहाचं निदान होताना ७८ टक्के मुलं कीटोॲसिडोसिसमध्ये पोचलेली असत. म्हणजे रक्तात आम्ल साचलेलं, उलट्या, खोल वेगाने चाललेला श्वास, जिवाला धोका. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आलं. नवं औषध नाही, महागडं यंत्र नाही. भिंतीवरचा एक कागद आणि बोटाला एक टोचणी.

आपल्याकडे हे का होऊ नये? सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. गोड कमी खा, हा त्यातला संदेश मोलाचा आहे. पण टाइप १ मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. त्या फलकाशेजारी अजून चार ओळी हव्यात: फार तहान, वारंवार लघवी, उतरतं वजन, सततचा थकवा. राज्य मंडळाच्या शाळांत, अंगणवाड्यांत, आरोग्य उपकेंद्रांतही हव्यात. तासाला दोनदा ‘बाई, जाऊ का?’ विचारणाऱ्या मुलाला दटावण्याआधी शिक्षकांनी एकदा पालकांना फोन करावा.

आणि पालकांनो, अशी शंका आली तर सकाळच्या उपाशीपोटी तपासणीची वाट पाहू नका. मूल जेवलेलं असलं तरी त्याच दिवशी ग्लुकोमीटरवर साखर पाहा. आकडा २०० किंवा त्याहून जास्त आला तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा. उलट्या किंवा धाप सुरू झाली असेल, तर तपासणीसाठीही घरी थांबू नका.