वत्सगुल्माची मध्यरेखा

भास्कराचार्यांच्या ‘करणकुतूहल’ या ११८३ सालच्या ग्रंथात पृथ्वीच्या मध्यरेखेवरची ठिकाणे दक्षिणेकडून उत्तरेकडे ओळीने सांगितली आहेत. लंकेपासून निघालेली ही रेखा कांची, पर्यली, वत्सगुल्म, उज्जयिनी, कुरुक्षेत्र अशी मेरूपर्यंत जाते. पर्यली म्हणजे परळी आणि वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. त्यांच्याही साडेपाचशे वर्षे आधी पहिल्या भास्कराने, म्हणजे ६२९ साली आर्यभटीयावर टीका लिहिणाऱ्या ज्योतिर्विदाने, ‘महाभास्करीया’त वत्सगुल्माचे नाव याच रेखेवर घातले होते. वाशिमात मध्यमेश्वराचे देऊळ आहे आणि गावाला या मानाचा अभिमान आहे. मात्र या रेखेचा विषय निघाला की बोलणे दोन टोकांना जाते. कोणी म्हणतो, आपल्या पूर्वजांना उपग्रहाइतके अचूक ज्ञान होते. कोणी म्हणतो, ही सगळी पुराणातली वांगी. माझ्या मते दोघेही मूळ गोष्ट सोडून बोलतात. मध्यरेखा हे मोजमापाचे एक साधन होते, आणि साधनाची पारख त्याच्या कामावरून करायची असते.

काम होते पंचांगाचे. ग्रहगणित एका ठरावीक रेखेसाठी करायचे आणि मग आपल्या गावासाठी त्यात दुरुस्ती करायची, हा शिरस्ता होता. या दुरुस्तीला देशांतर संस्कार म्हणतात. गाव रेखेच्या पूर्वेला असेल तर सूर्य तिथे आधी उगवतो, पश्चिमेला असेल तर उशिरा. किती आधी, किती उशिरा, हे कसे ठरवायचे? एक वाट होती रेखेपासूनचे अंतर योजनांत मोजण्याची. पण ही रीत ढोबळ आहे, ही हरकत पहिल्या भास्कराच्या ग्रंथातच नोंदलेली आहे. दुसरी वाट चंद्रग्रहणाची. चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो तो क्षण सगळ्या जगाला एकच असतो, फक्त गावोगावची स्थानिक वेळ वेगळी असते. मध्यरेखेसाठी गणिताने काढलेली ग्रहणाची वेळ आणि आपल्या गावी प्रत्यक्ष दिसलेली वेळ यांतला फरक काढला की देशांतर हाती येते.

वेळ मोजायला होते घटिकापात्र, जे जुन्या लग्नघरांत मुहूर्तासाठी पाण्यावर सोडत असत. तांब्याची गोल वाटी, बुडाला सुईएवढे भोक. घंगाळातल्या पाण्यावर ती सोडली की भोकातून बारीक धार आत उसळते, वाटी हळूहळू जड होते, काठ पाण्याला टेकतो आणि ती एकदम तळाशी जाते. ही झाली एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. दिवसरात्रीत ती साठ वेळा बुडली पाहिजे असे भोक पाडायचे, हे कारागिराचे कसब. पाणी गाळलेले हवे, कारण गाळाचा एक कण भोकात अडकला की घटका लांबते. ग्रहणाच्या रात्री सूर्यास्तापासून घटका मोजत बसायचे, प्रत्येक वेळी वाटी उचलून रिकामी करून पुन्हा सोडायची आणि एक डोळा चंद्रावर ठेवायचा. त्यातच पृथ्वीच्या सावलीची कड पुसट असते, ग्रहण नेमके केव्हा लागले यावर शेजारी बसलेल्या दोघांचेही एकमत व्हायचे नाही.

हे ध्यानात घेतले की पहिल्या आक्षेपाचे उत्तर मिळते. आक्षेप असा, की ही गावे मुळात एका रेषेवर नाहीत. खरे आहे. उज्जैन सुमारे ७५.८ रेखांशावर आहे, परळी ७६.५, कुरुक्षेत्राजवळचे ठाणेसर ७६.८ आणि वाशीम ७७.१ वर. उज्जैन आणि वाशीम यांत सव्वा अंशाहून जास्त फरक पडतो. पण एक अंश म्हणजे ४ मिनिटे, तेव्हा ही चारही गावे मिळून जेमतेम साडेपाच मिनिटांच्या पट्ट्यात बसतात. पाव घटका ६ मिनिटांची. बुडणारी वाटी आणि पुसट सावली यांच्या भरवशावर परळीपासून कुरुक्षेत्रापर्यंतचा हजार किलोमीटरहून लांब पल्ला पाव घटकेच्या आत जुळवलेला आहे. या कामगिरीपुढे मला आदरच वाटतो. गंमत म्हणजे ठाणेसरपासून वाशीम जेवढे सरकलेले आहे, त्याच्या तिप्पट उज्जैन सरकलेले आहे. कांची मात्र खरोखर चुकली. ती ७९.७ वर आहे, तिला सांभाळून घेण्याचे कारण नाही: उज्जैनपासूनचा फरक साधारण १६ मिनिटांचा आहे आणि तो चूक म्हणूनच मांडायला हवा.

वाशिमच्या शेजारच्या मंगरुळपीर तालुक्यातले आसेगावही याच हिशेबात येते. या अक्षांशावर पूर्व-पश्चिम एक किलोमीटर म्हणजे सव्वादोन सेकंद. घटिकापात्राला वाशीम आणि आसेगाव वेगळी दिसणेच शक्य नव्हते. त्यामुळे वत्सगुल्माबद्दल जे म्हटले ते या सगळ्या मुलखाबद्दल म्हटले आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही मोठ्या आणि पवित्र गावांची यादी आहे, मोजमाप नंतर चिकटवले. वत्सगुल्म एके काळी नक्कीच मोठे होते. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशिमलाच सापडला, आणि याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवले. पण हरिषेणाचा काळ पाचव्या शतकाच्या अखेरचा. पहिला भास्कर लिहीत होता तेव्हा वाकाटक संपून शतक उलटले होते, आणि भास्कराचार्यांच्या वेळी तर जवळजवळ सातशे वर्षे. नुसता मोठेपणा आणि पावित्र्य पाहायचे तर काशी, प्रयाग हवे होते. ती या यादीत नाहीत, कारण ती रेखेपासून दूर आहेत.

राहिला ग्रिनिचशी तुलनेचा मोह. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रिनिच निवडले गेले, कारण तेव्हा जगातली सुमारे ७२ टक्के जहाज वाहतूक तेच रेखावृत्त वापरत होती. तो व्यवहार होता, सत्याचा निवाडा नव्हे. तिथली प्रसिद्ध धातूची पट्टीही आजच्या उपग्रहमापनाच्या शून्यापासून सुमारे १०२ मीटर बाजूला आहे. आपणही मध्यरेखा हलवलीच. मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशींनुसार १९५७ पासून निघणाऱ्या राष्ट्रीय पंचांगाचे मध्यवर्ती स्थान ८२.५ रेखांशावर, भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेवर धरले. अक्षांश मात्र २३ अंश ११ कला, म्हणजे उज्जैनचाच ठेवला. मध्यरेखा माणसे ठरवतात आणि गरजेप्रमाणे बदलतात. तेव्हा ‘आमची आधीची’ एवढ्यावर थांबणे पुरेसे नाही, ती कशी मोजली हे सांगता आले पाहिजे.

म्हणून आसेगाव, मंगरुळपीर, वाशीम इथल्या शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या अंगणात एक सरळ काठी ओळंब्याने उभी करा. दर वर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी इथे सूर्य डोक्यावरून जातो आणि घड्याळात बारा वाजून सुमारे अठरा मिनिटांनी काठीची सावली बुंध्यात नाहीशी होते. मुलांना ती वेळ लिहून ठेवू द्या. त्याच दुपारी उज्जैन आणि परळीच्या एखाद्या शाळेला सर्वांत आखूड सावलीची वेळ विचारा, आणि तीन गावांतला फरक मुलांनाच काढायला सांगा.