लॉग म्हणतो ‘सेंट’, मग ईमेल गेली कुठे?

सर्वेक्षणाची निमंत्रणं लॅबच्या स्वतःच्या पोस्टफिक्स सर्व्हरवरून पाठवलीत आणि उत्तरंच येत नाहीत? लोकांना रस नाही असं ठरवण्याआधी लॉग उघडा. ईमेल न पोचलेले लोक ‘प्रतिसाद नाही’ या रकान्यात गेले, तर प्रतिसादाचं प्रमाणच चुकतं. त्यात फक्त जीमेलवाले गळाले, तर नमुनाही एकांगी होतो.

लॉगमध्ये ‘सेंट’ म्हणजे समोरच्या सर्व्हरने ईमेल घेतली, एवढंच. ती स्पॅममध्ये पडली का, हे तिथे कळत नाही. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे तात्पुरता नकार. पोस्टफिक्स साधारण ५ दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू होणारा म्हणजे सरळ नकार. आणि सगळीकडेच ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ दिसत असेल, तर बहुधा बाहेर जाणारं २५ क्रमांकाचं पोर्ट बंद आहे. ते नेटवर्कवाल्यांकडूनच उघडून घ्यावं लागतं.

स्पॅमचा संशय असेल तर स्वतःच्या जीमेलवर एक निमंत्रण पाठवा आणि ‘शो ओरिजिनल’ बघा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींपुढे ‘पास’ हवं. एका डोमेनला एसपीएफच्या दोन नोंदी असल्या तर तपासणी फसते (हे फार वेळा होतं!), दोन्ही एकत्र करा. आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर नोंदही तपासा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल ती सगळ्यांकडूनच मागतं. ती तुमच्या डोमेनच्या पॅनेलमध्ये सापडणार नाही, आयपी ज्यांचा आहे त्यांनाच सांगावं लागेल.