हात झोळीत, जीव शर्यतीत

मातीवरच्या मोटारसायकल शर्यतीत पडलेला माणूस घरात किती दिवस गप्प बसेल, सांगा बरं! खांद्यावर आपटलं की बहुधा कॉलरबोन मोडतं. मोठ्या माणसाचं हे हाड जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात.

आमचे धाकटे भावोजी नोकरी सांभाळून हौसेनं शर्यतीत उतरणारे. तिसऱ्या आठवड्यात दुखणं ओसरलं नि निघाले पुण्यात शर्यत बघायला! मैत्रिणींनो, अशा वेळी अडवू नका, सोबत जा. ‘आता हे खूळ कायमचं सोडा’ असंही नको. बंगळुरूची ऐश्वर्या पिसे २०१८ साली स्पेनमध्ये पडून जबर जखमी झाली, नि २०१९ साली तिनंच बाहा शर्यतींचा महिलांचा विश्वचषक जिंकला.

खरी धास्ती वेगळीच. दुखणं आधी थांबतं, हाड मागाहून भरतं. आणि नेमकं तेव्हाच ‘एकच फेरी मारून बघतो’ सुरू होतं. म्हणून धडक्या हाताला काम द्या. माझ्या जावेनं भावोजींना स्टॉपवॉच दिलं. ते फेरीची वेळ सांगायचे, ती पाटीवर खडूनं लिहून त्यांच्या मित्राला दाखवायची. त्या आवाजात हाका कुठल्या ऐकू येणार!

वळणाच्या बाहेरच्या अंगाला किंवा गाड्या उडी मारून उतरतात तिथं उभं राहू नका. चाकांखालचे खडेही उडतात. झोळी सदऱ्यावरून दिसू द्या, नाहीतर भेटेल तो दोस्त खांद्यावर थाप मारतो!

हेल्मेट नि बूट मात्र जावेनं माळ्यावर टाकलेत. एक्स-रे बघून डॉक्टर ‘हो’ म्हणतील, तेव्हाच ते खाली येतील.