मुंबईचे 32 आणि नागपूरचे 42

वातानुकूलन यंत्रणेची आखणी करताना हवेचे तापमान ठाऊक असणे पुरेसे नसते. त्या हवेत वाफेच्या रूपाने किती पाणी आहे हेही कळावे लागते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर दाखवणारा आलेख म्हणजे सायक्रोमेट्रिक चार्ट. 1902 मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमटपणामुळे कागद आकसत-फुगत असल्याने रंगांची छपाई जुळेना, तेव्हा तो प्रश्न सोडवण्याचे काम विलिस कॅरियर यांच्याकडे आले आणि 1911 मध्ये त्यांनी या विषयाची सूत्रे प्रसिद्ध केली; म्हणजे या शास्त्राची सुरुवात गारव्यापासून नव्हे, तर दमटपणापासून झाली.

चार्टच्या आडव्या अक्षावर साध्या तापमापकाचे, म्हणजे ड्राय बल्ब तापमान असते, तर उभ्या अक्षावर दर किलो कोरड्या हवेमागे किती ग्रॅम वाफ आहे ते. वर चढत जाणारी सर्वांत डावीकडची वक्ररेषा संपृक्त हवेची असून सापेक्ष आर्द्रतेच्या रेषा तिच्याच वळणाने खाली पसरतात, आणि तिरप्या रेषा ओले कापड गुंडाळलेल्या तापमापकाचे, म्हणजे वेट बल्ब तापमान दाखवतात. यांपैकी कोणत्याही दोन राशी मोजल्या की बिंदू निश्चित होतो. तेथून आडवे डावीकडे जाऊन वक्ररेषा गाठली की दवबिंदू मिळतो.

मुंबईतील 32 अंशांची, 75 टक्के आर्द्रतेची हवा आणि नागपुरातील 42 अंशांची, 15 टक्के आर्द्रतेची हवा चार्टवर मांडली, तर पहिलीत दर किलोमागे सुमारे 23 ग्रॅम वाफ आणि 90 किलोज्यूल उष्णता भरते, दुसरीत जेमतेम 8 ग्रॅम आणि 62 किलोज्यूल. खोलीत 24 अंश व 50 टक्के हवे असतील, तर मुंबईतील बाहेरच्या हवेमुळे यंत्रणेवर पडणाऱ्या भारापैकी सुमारे चार-पंचमांश भार निव्वळ वाफेचे पाणी करण्यात जातो, आणि त्यासाठी हवा 13 अंशांच्या आसपास उतरवावी लागते. थर्मामीटर मात्र यातले काहीच सांगत नाही. विदर्भात कूलर का चालतो याचेही उत्तर तिरप्या रेषेवर आहे: नागपूरच्या त्या हवेचे वेट बल्ब तापमान साडेएकवीस अंशांच्या जवळ, तर मुंबईच्या हवेचे 28, आणि कूलर त्याखाली हवा नेऊ शकत नाही.

नेहमीचा छापील चार्ट समुद्रसपाटीच्या दाबासाठी असतो. महाबळेश्वरसारख्या उंचीवर त्या उंचीचाच चार्ट घ्यावा लागतो.