मुका संगणक

सुटे भाग आणून घरी जुळविलेला संगणक एखाद्या दिवशी रुसतो. कळ दाबताच पंखा फिरू लागतो. पण पडदा काळाच राहतो. अशा वेळी पुष्कळ लोक घाईने नवे भाग विकत आणतात. तसे करण्याचे कारण नाही. सुरू होताच संगणक प्रथम स्वतःचीच तपासणी करतो. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्येही ही सोय होती. मदरबोर्डास लहानसा स्पीकर जोडलेला असेल, तर दोष आढळताच त्यातून ठरावीक आवाज निघतात. त्यांचा अर्थ बहुधा मदरबोर्डाच्या पुस्तिकेत सापडतो.

आणि स्पीकरच नसेल तर? प्रथम विजेची तार काढावी. पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगावरील स्थिर वीज घालवावी. मग रॅमची पट्टी खाचेतून काढून पुन्हा घट्ट बसवावी. एवढ्यानेच कितीतरी संगणक बोलू लागतात! दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहावी. एका वेळी एकच बदल करावा. दोन केले, तर दोष कोठे होता हे कळत नाही. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कधीही उघडू नये. तार काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठून राहू शकते.

संगणक केवळ मंद झाला असेल, तर गोष्ट निराळी. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, तरी हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत थांबावेच लागते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. त्यामुळे हा एकच भाग बदलला, तरी जुना संगणक पुष्कळ चपळ होतो. जुन्या तबकडीवरील माहितीची प्रत तेवढी आधी काढून ठेवावी.