ईशाची 'डॉक्टर' होऊ नये म्हणून

क्योतोत नव्याने आलेल्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास येतो. मुलीचं नाव जपानीत लिहायचं कसं?

समजा, नाव आहे ईशा. परदेशी नावं लिहिण्याच्या कताकाना लिपीत 'इ'पुढे एक आडवी रेघ द्यावी लागते. ती रेघ स्वर लांबवते. ती राहिली तर 'इशा' होतं, आणि इशा म्हणजे जपानीत डॉक्टर! आडनाव काळे असेल तर आणखी मजा. र, ल आणि ळ या तिघांना मिळून तिथे एकच अक्षर आहे. त्यात रेघ 'का'नंतर न देता शेवटी दिली, तर ताटातली करी झाली म्हणून समजा.

घरात हसून सोडता येतं, बँकेत नाही. इथे पैसे पाठवताना खातेदाराचं नाव कताकानात जुळवलं जातं. म्हणून एकदाच विचार करून लेखन ठरवा आणि शाळा, बँक, विमा सगळीकडे तेच ठेवा.

आता उच्चार. आपला कच्चा दुवा म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. लिहिताना आपण त्यावरून भांडतो, बोलताना विसरतो; आणि ए-ओ यांना तर आपल्याकडे वेगळं ऱ्हस्व अक्षरच नाही. जपानी माणूस मात्र ठोके मोजतो. क्योतो म्हणजे क्यो-ओ-तो, तीन ठोके. तोक्यो म्हणजे तो-ओ-क्यो-ओ, चार. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकूच्या वयाची बाई, 'ओबाआसान' म्हणजे आजी. शेजारणीला हाक मारताना एवढा ठोका सांभाळाच! मुलांबरोबर टाळ्या वाजवत म्हणून पाहा, मुलं आपल्याआधी शिकतात.

बाकी बाबतींत मात्र आपण भाग्यवान. 'त'ची ओळ म्हणतात ता, ची, त्सु, ते, तो. यातल्या 'त्सु'ला इंग्रजी बोलणारे अडखळतात. आपण 'चूल' म्हणताना जीभ लावतो तिथेच लावायची, झालं. आणि 'ची' आपल्या 'चहा'तल्या च-सारखी. दोन्ही च आपल्या घरातलेच.

जपानी 'न्' तर अगदी आपला अनुस्वार. पुढे प, ब, म आलं की तो म् होतो, म्हणून वर्तमानपत्र म्हणजे शिम्बुन. पुढे क, ग आलं की 'गंगा'तल्यासारखा नाकात जातो.

हे साम्य ओळखीचं वाटतं, पण वर्णमालेचा क्रम तर खरोखरच आपल्याकडून गेलेला आहे. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. स आणि ह मध्येच कुठून आले? जुन्या जपानीत 'ह' हा 'प' होता, आणि 'स'चा उच्चार बहुधा 'च'च्या जवळचा होता. ते परत बसवा: क, च, त, न, प, म, य, र, व. शाळेतली बाराखडी आठवली ना? बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी अभ्यासली, त्यातून हा क्रम आला. कूकाई हे भिक्षू 806 साली चीनहून ती विद्या घेऊन परतले. 823 मध्ये त्यांच्याकडे सोपवलेलं तोजी मंदिर क्योतो स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गिओन हे नावही आपल्याकडचंच: श्रावस्तीच्या जेतवनाचं चिनीमार्गे आलेलं रूप.

शेवटी एक खास क्योतोची अडचण. 'हाशि' म्हणजे पूल आणि हाशि म्हणजे जेवायच्या काड्याही. फरक फक्त सुराचा. तोक्योत 'हा' वर चढवला तर काड्या, क्योतोत 'हा' वर चढवला तर पूल! पुस्तकं आणि ॲप बहुतेक तोक्योचा सूर शिकवतात. तेव्हा मुलं शाळेतून उलटा सूर घेऊन घरी आली, तर त्यांना दुरुस्त करू नका. ती बरोबर आहेत.